नेसरीत ब्राझील, तेही आप्पेपात्रातून!

रात्रीचे नऊ. नेसरीतल्या आमच्या घरी जेवणं उरकलेली असतात. बाबा बातम्यांसमोर, आजी देवासमोर आणि आई मोबाइलसमोर! कारण आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा ब्राझीलमध्ये दुपारचे साडेबारा झालेले असतात. म्हणजे माझ्या दादाचा लंच टाइम. गेली चार वर्षं व्हिडिओ कॉल लागला रे लागला, की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय जेवलास?" आणि दादाचं उत्तरही ठरलेलं, "जेवलो गं काहीतरी."

दादा काम्पिनास नावाच्या शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. साओ पाउलोपासून साधारण शंभर किलोमीटर. तीन महिन्यांपूर्वी त्याने फोनवर सांगून टाकलं, की तिकडेच कायम राहण्यासाठी त्याने अर्ज केलाय. आई रडली नाही, रागावलीही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिने "काय जेवलास?" विचारणं बंद केलं. पावसाचं बोलते, बाबांच्या बीपीचं बोलते, भावकीतल्या लग्नांचं बोलते. जेवणाचं नाव काढत नाही.

मास कम्युनिकेशनच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं, की बातमीत 'कोण, काय, कुठे, कधी' हवंच. आईच्या रोजच्या बातमीतला 'काय' गायब झाला होता. मग मी ठरवलं, दादा जे 'काहीतरी' खातो ना, ते एकदा आईच्या ताटात वाढायचंच. चार दिवसांची सुट्टी, कंडेन्स्ड मिल्कचे दोन डबे, टॅपिओका स्टार्चची पाकिटं, कोकोचा डबा आणि दादाने मेसेजवर पाठवलेली यादी. एवढा सरंजाम घेऊन मी पुण्याहून गावची एसटी पकडली.

आता नेसरी म्हटलं, की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ ला याच खिंडीत ते आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. गडहिंग्लज-चंदगड रस्त्यावरचं आमचं हे गाव तेव्हापासून शूरांचं. पण अनोळखी पदार्थ खायचा म्हटलं की भलेभले शूर माघार घेतात, हा माझा अनुभव! म्हणून दोस्तहो, ब्राझिलियन खाणं पहिल्यांदाच ट्राय करणाऱ्यांसाठी हा आमच्या घरात तावून-सुलाखून निघालेला मेनू. क्रम मात्र पाळा हं!

सुरुवात पाँव-जी-केजूने

नावाला घाबरू नका. 'पाँव' म्हणजे आपला पाव. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलाय. 'केजू' म्हणजे चीज. मिनास जेराइस या प्रांतातला हा चीजचा गोळा ब्राझीलभर सकाळच्या कॉफीसोबत खातात. बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट-मऊ. आणि यात गव्हाचा कणही नसतो. असतं ते मांजोका नावाच्या कंदाचं पीठ. हा मांजोका म्हणजेच टॅपिओका, आणि टॅपिओका म्हणजेच आपला साबुदाणा! दक्षिण अमेरिकेतल्या या कंदापासून आपल्याकडे तमिळनाडूत सेलमच्या बाजूला साबुदाणा बनतो आणि महाराष्ट्रात तो उपासाला चालतो.

मी पोचले त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. ब्राझीलमध्ये यात अंडं घालतात. पण आजी घरात असताना अंड्याचा विषय काढायची माझी तरी छाती नाही. म्हणून अंड्याऐवजी उकडलेला बटाटा घेतला. पहिला घाणा साफ फसला. थंड दुधात पीठ कालवलं, तर दगडाचे गोळे झाले. मग यादी नीट वाचली. दूध, तेल आणि मीठ उकळून ते कढत असतानाच पिठावर ओतायचं. मी तसं करायला लागले आणि इतका वेळ दारात उभी राहून नुसती बघणारी आई पहिल्यांदा आत आली.

"अगं, ही तर उकड! मोदकाला काढतो तशी. सर बाजूला, तुला न्हाई जमायचं."

झालं! किचनचा ताबा गेला. ओव्हन नव्हताच. आईने फळीवरून आप्पेपात्र काढलं, तेलाचं बोट फिरवलं, वर झाकण ठेवलं आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस केलं. आजीने एक गोळा फोडला, वास घेतला.

"ह्यात हाय काय?"

"साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, बटाटा, दूध, पनीर आणि चीज."

"चीज म्हंजे दुधाचंच की. मग उपासाला चालतंय!" आणि आजीने लागोपाठ पाच गोळे संपवले. सोबत मिरचीचा ठेचा. तो काही ब्राझीलच्या यादीत नव्हता, पण आजीला कोण सांगणार?

करून बघायचंय? पाव किलो टॅपिओका स्टार्च, एक कप दूध, पाव कप तेल, चवीला मीठ, एक मध्यम उकडलेला बटाटा आणि दीडशे ग्रॅम किसलेलं चीज. थोडं पनीर घातलं तर चव मूळच्या जवळ जाते, कारण तिथलं मिनास चीज सौम्य असतं. उकड कोमट झाल्यावरच बाकीचं मळा आणि गरमच खा. थंड झालं की रबर होतं. नंतर मला दोष देऊ नका!

नॉनव्हेजवाल्यांसाठी कोशिन्या

बाबांचा पहिल्या दिवसाचा शेरा होता, "बरं हाय, पण जेवणात काय?" कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला चीजच्या गोळ्यावर गप्प बसवता येत नाही हो. दुसऱ्या दिवशी कोशिन्या केली. 'कोशिन्या' म्हणजे छोटी तंगडी. चिकन शिजवून, बारीक तंतू काढून कांदा-लसणावर परतायचं. त्याच चिकनच्या पाण्यात मैद्याची उकड काढायची. (पुन्हा उकड! आईची कॉलर ताठ.) उकडीच्या पारीत सारण भरून थेंबाच्या आकाराचा गोळा वळायचा, ब्रेडक्रम्समध्ये घोळवायचा आणि तळायचा. साओ पाउलोच्या बाजूचा हा पदार्थ आज ब्राझीलमधल्या कुठल्याही टपरीवर, कुठल्याही बर्थडे पार्टीत दिसतो. आपला बटाटावडा जिथे जिथे असतो, तिथे तिथे त्यांची कोशिन्या.

बाबांनी पहिला घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "झकास. पण चटणी घालायला विसरलीस."

आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे पुणेकरांना समजावून सांगून मी थकलेय. तर मुद्दा असा, की ब्राझिलियन जेवण आपल्या मानाने सौम्य असतं. अपवाद बाहिया प्रांताचा. तिथे रस्त्यावर 'आकाराजे' मिळतं. चवळीच्या वाटणाचा वडा, लालसर पाम तेलात तळलेला, पोटात सुकटीसारखी कोळंबी आणि तिखट. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी हा पदार्थ तिथे रुजवला. तो विकणाऱ्या पांढऱ्या पोशाखातल्या बायकांच्या व्यवसायाला २००५ मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे वडापाववाल्याला कधी मिळणार?

अरे, ही तर चिक्की!

तिसऱ्या दिवशी दुपारी चुलत भावंडांची फौज आली. त्यांच्यासाठी पासोका आणि पे-जी-मोलेकी. पासोका म्हणजे भाजलेले दाणे, साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र कुटून दाबलेली वडी. पे-जी-मोलेकी म्हणजे गुळाच्या पाकातले दाणे. शेंडेफळ किंचाळलं, "ताई, फसवतीस व्हय? ही चिक्की हाय!"

अगदी बरोबर! ब्राझीलमध्ये जून महिन्यात गावोगावी जत्रेसारखे सण असतात. तेव्हा हे दोन्ही पदार्थ हमखास. आणि त्यांचा गूळ? त्याला ते 'हापादुरा' म्हणतात. जगात सगळ्यात जास्त साखर पिकवणारा देश तो. त्यामुळे गुऱ्हाळाची भाषा त्यांना आपल्याइतकीच कळते. दादा सांगतो, तिथे आठवडी बाजारात 'पास्तेऊ' मिळतो. मोठ्ठी, चौकोनी, पातळ पारीची, फुगलेली तळलेली करंजी, पण तिखटमिठाची. ती खाताना हातात काय असतं माहितीये? उसाच्या रसाचा ग्लास! बाजार, तळण आणि रसवंती. हे ऐकून बाबा गंभीरपणे म्हणाले, "मग त्यो परदेशात गेलाय कुठं?"

आई काहीच बोलली नाही. पण चिक्कीचा एक तुकडा तिने तोंडात टाकला आणि जरा जास्तच वेळ चघळला.

काजूची गोष्ट

इथे थोडा इतिहास. कंटाळू नका, खाण्याचाच आहे. पेद्रो आल्वारेस काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी २२ एप्रिल १५०० ला ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तो निघाला होता भारताकडे! त्याच प्रवासात सप्टेंबरमध्ये तो कालिकतला पोचला. दहा वर्षांनी, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि पुढे त्यांच्या जहाजांतून अमेरिका खंडातली झाडं-पिकं आपल्या किनाऱ्यावर उतरत राहिली. मिरची, अननस, पेरू... आणि खास ब्राझीलचा काजू. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतला शब्द पोर्तुगीजांनी 'काजू' म्हणून उचलला आणि आपण तो तसाच ठेवला. त्यामुळे आजरा-चंदगडकडचा काजू हा अस्सल आपला असला, तरी त्याचं आजोळ ब्राझीलमध्ये आहे. तिथे नाताल शहराजवळ काजूचं एकच झाड दोनेक एकरांवर पसरलंय. एकच झाड!

दादाचा यावरचा किस्सा भारी आहे. नवीन नवीन असताना पोर्तुगीज येत नव्हतं, गाव आठवत होतं. म्हणून एका दुकानात जाऊन तो म्हणाला, "काजू." दुकानदार हसला, त्याला कळलं! दादाला वाटलं मूठभर गर येतील. समोर आला रसाचा ग्लास! कारण तिकडे 'काजू' म्हणजे फळ, आपण ज्याला बोंड म्हणतो ते. गराला वेगळं नाव आहे. आपल्याकडे बी काढून घेतली, की बोंडं बहुतेक बागेतच सडतात. गोव्यात त्याची फेणी होते. ब्राझीलमध्ये मात्र त्याचा रस घरोघरी पितात.

हा किस्सा दादाने मला चार वर्षांपूर्वी सांगितला होता. आईला कधीच नाही. मी सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं त्येनं?" मी म्हटलं, "तू 'काय जेवलास' विचारायचीस गं, 'काय प्यालास' नाही!" आई हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा दादाच्या विषयावर हसली.

मामाची चंदगडकडे काजूची बाग आहे. हंगाम नव्हता, नाहीतर बोंडाचा रस केलाच असता. तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये तिकडे गेलात तर जरूर करा. पिकलेली बोंडं धुऊन पिळायची, रस गाळायचा, साखर, चिमूटभर मीठ आणि भरपूर बर्फ. घशाला थोडी खवखव होते, हे आधीच सांगून ठेवते.

फेजुआदा: नवख्यांनी जरा दमानं

ब्राझीलचं राष्ट्रीय जेवण कुठलं, तर फेजुआदा. काळा घेवडा मांसासोबत तासन् तास शिजवलेली दाट आमटी, सोबत भात, परतलेली पालेभाजी, मांजोकाचं भाजलेलं भरड पीठ म्हणजे फारोफा, आणि संत्र्याच्या फोडी. बऱ्याच हॉटेलांत हा बेत बुधवारी आणि शनिवारी असतो. खाल्ल्यावर झोपायचं, एवढंच काम उरतं.

पण पहिल्याच दिवशी यावर उडी मारू नका. एक तर जड. दुसरं, यात डुकराचं आणि बरेचदा गाईचंही मांस असतं. तुम्ही खात नसाल तर ऑर्डर द्यायच्या आधी विचारून घ्या, लाजू नका. घरी मी मांसाची नावं जरा हळू आवाजातच घेतली आणि आमटी केली ती साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्याची. लसूण आणि तमालपत्र सढळ हाताने. फारोफाला जाडा रवा तुपात खमंग भाजून वेळ मारून नेली. आमटी-भातावर रवा बघून आजीने कपाळावर हात मारला. आई मात्र संत्र्याची फोड हातात धरून विचार करत होती.

"हे संत्रं कशाला?"

"जड जेवणावर आंबट-गोड. पचायला बरं म्हणतात."

"शहाणी हायत की माणसं," आई म्हणाली. एका आईने दुसऱ्या देशाला दिलेलं हे सर्टिफिकेट. याहून मोठं ते काय?

शेवट ब्रिगाडेरूनेच!

गोडात एकच नाव, ब्रिगाडेरू. एक डबा कंडेन्स्ड मिल्क, तीन मोठे चमचे कोको, एक चमचा लोणी. मंद आचेवर ढवळत राहायचं. खव्यासारखं कढई सोडायला लागलं की उतरवायचं. थंड झालं, की हाताला लोणी लावून छोटे लाडू वळायचे आणि चॉकलेटच्या शेवयांत घोळवायचे. बस्स! हॉस्टेलवाल्यांनाही जमेल.

नाव कसं पडलं? १९४५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस उभे होते. त्यांच्या प्रचारासाठी बायकांनी हे लाडू करून विकले, असं सांगतात. ब्रिगेडियरसाहेब पडले, लाडू मात्र निवडून आला! आज ब्राझीलमध्ये त्याच्याशिवाय वाढदिवस होत नाही. चॉकलेट नको असेल तर खोबरं घालून 'बेजिन्यू' करा. त्याचा अर्थ 'छोटीशी पापी'. (हा अर्थ मी आजीला सांगितला नाही.)

ब्रिगाडेरू वळता वळता आईला एकदम आठवलं. ३० जून २००२, रविवार. वर्ल्ड कपची फायनल. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर दहा वर्षांचा दादा, आणि रोनाल्डोचे जर्मनीला दोन गोल. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या न्हाव्याकडे जाऊन रोनाल्डोसारखी कपाळावर त्रिकोणी बट ठेवून आला होता! बाबांनी छडी घेतली आणि आईने त्याला परड्यात लपवला. आमच्या जिल्ह्याला फुटबॉलचं वेड आहेच. वर्ल्ड कप आला, की कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनावरून भावाभावांत भांडणं लागतात. दादा कायम पिवळ्या जर्सीतला.

"तवाच कळायला पायजे हुतं," आई म्हणाली, "ह्ये पोरगं तिकडं जाणार म्हणून."

पहिल्यांदाच ट्राय करताय? मग हे वाचाच!

• शाकाहारी असाल तर पाँव-जी-केजू, पासोका आणि ब्रिगाडेरू हे तीन डोळे झाकून. फक्त पाँव-जी-केजूत अंडं आहे का, ते विचारा.

• गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांना पाँव-जी-केजू म्हणजे पर्वणी. कोशिन्या मात्र टाळा, ती मैद्याची.

• मिक्सरमध्ये फिरवलेल्या साबुदाण्याच्या पिठानेही काम भागतं, पण गोळे जास्त चिवट होतात. टॅपिओका स्टार्च बेस्ट.

• पेरूची घट्ट वडी आणि पांढऱ्या चीजचा तुकडा एकत्र खाऊन बघा. ब्राझीलमध्ये या जोडीला चक्क 'रोमिओ-ज्युलिएट' म्हणतात. गोव्याचा पेराड मिळाला तर काम फत्ते.

• तिखट हवंच असेल तर ते बाजूला घ्या, आत घालू नका. आधी मूळ चव, मग ठेचा.

• पाहुण्यांना नाव आधी सांगू नका. आधी खाऊ द्या, मग सांगा.

आणि नऊ वाजले...

चौथा दिवस, शनिवार. मला सकाळच्या गाडीने निघायचं होतं. त्या रात्री नऊला फोन लागला. पाऊस झाला, बीपी झालं. मी बॅग भरत होते, पण कान तिकडेच. आणि आईने विचारलं,

"काय जेवलास?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग सवयीचं उत्तर, "जेवलो गं काहीतरी."

"काहीतरी म्हंजे? आज शनिवार. फेजुआदा असंल की."

मी बॅग टाकून धावले. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने एक शब्दही न बोलता कॅमेरा फिरवला. टेबलावर ताट होतं. भात, काळी आमटी, हिरवी भाजी आणि पिवळं पीठ. आईने डोळे बारीक करून सगळं ताट तपासलं.

"संत्रं ठेवलंयस, त्ये खा. पचायला बरं पडतंय. आन् त्यो काजूचा रस मला का न्हाई सांगितलास?"

मग दोघं अर्धा तास बोलत होते. खरं सांगते, प्रश्न काही सुटलेला नाही. दादाचा अर्ज तिकडे आहे तसाच आहे आणि आईला तो अजूनही पटलेला नाही. फोन ठेवता ठेवता तिने "यायचं कधी ते बोल" हे विचारलंच, आणि दादाने "बघतो" म्हटलंच. पण आप्पेपात्र आता फळीवर परत गेलेलं नाही, ते ओट्यावरच असतं. आणि मी पुण्याला निघताना आईने डब्यात काय बांधून दिलं असेल?

बारा पाँव-जी-केजू. आत चटणी घालून!